२१ किलोमीटरला साडेतीन तास कसे लागतात? रस्त्यावर पळणाऱ्यांसाठी डोंगरी शर्यतीची ओळख

पावसाळा सरत आला की ठाणे-नवी मुंबईतल्या रनिंग क्लबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. पहिले पाम बीच रस्त्यावरच्या नाहीतर घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरच्या लांब पल्ल्याच्या सरावाचे. दुसरे चिखलाने माखलेल्या बुटांचे, मागे सह्याद्रीची एखादी धार, आणि खाली घड्याळाचा स्क्रीनशॉट: २१ किलोमीटर, ३ तास २५ मिनिटं. मग विचारणा सुरू होते. "काय झालं, पाय मुरगळला का?" "तू तर हाफ अडीच तासांच्या आत मारतोस ना?" विचारणाऱ्यांच्या मनात काही वावगं नसतं. २१ किलोमीटर म्हणजे सव्वादोन-अडीच तास हे गणित रस्त्यावर पळून पळून इतकं अंगवळणी पडलेलं असतं की साडेतीन तास म्हटल्यावर काहीतरी बिघडलं असणार असंच वाटतं.

काहीही बिघडलेलं नसतं. ती वेळ चांगली कशी, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे, आणि रस्त्यावर पळणाऱ्या आपल्या मंडळींना डोंगराकडे ओढून नेण्यासाठीसुद्धा. माझं म्हणणं थोडक्यात असं: "किलोमीटरला किती मिनिटं?" हा प्रश्न पायथ्याशी सोडून दिला, तर क्लबातल्या जवळजवळ प्रत्येकाला डोंगरी शर्यत जमेल. नेहमी सगळ्यांत शेवटी येणाऱ्यालाही.

## डोंगरी शर्यत म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे मातीच्या वाटेवरच्या कुठल्याही शर्यतीला सरसकट ट्रेल रन म्हणतात. ती खाडीकाठच्या सपाट वाटेवरही होऊ शकते. डोंगरी शर्यतीत मात्र चढ हाच मुख्य विषय असतो. तिचा जुना आणि सगळ्यांत रांगडा प्रकार म्हणजे उत्तर इंग्लंडमधली फेल रेस. तिथल्या लेक डिस्ट्रिक्ट भागातल्या उघड्या, गवताळ डोंगरांना फेल म्हणतात. स्कॉटलंडमध्ये याच खेळाला हिल रनिंग म्हणतात.

१९व्या शतकात तिकडच्या गावोगावच्या मेळ्यांत मेंढपाळ आणि वाटाडे समोरचा डोंगर पळत चढून-उतरून येण्याच्या शर्यती लावत. १८९५ साली विल्यम स्वान नावाच्या गृहस्थाने स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यम गावातून निघून १३४५ मीटर उंचीचा बेन नेव्हिस २ तास ४१ मिनिटांत चढून-उतरून दाखवला. आपलं कळसूबाई १६४६ मीटरचं आहे, पण पायथ्याचं बारी गाव आधीच बरंच उंचावर आहे. बेन नेव्हिसची चढण जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते. पुढे १९३२ साली लेक डिस्ट्रिक्टमधल्या केसविक गावात गेस्ट हाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहमने २४ तासांच्या आत ४२ शिखरं जोडली: सुमारे १०६ किलोमीटर अंतर आणि ८२०० मीटरच्या आसपास चढ. १९७५ मध्ये तिथल्याच वासडेल खोऱ्यातल्या जॉस नेलर या मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याने २४ तासांच्या आत ७२ शिखरं केली. तो २०२४ मध्ये वारला, तेव्हा त्या भागातल्या कितीतरी क्लबांना घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं असेल.

ही नावं सांगायचं कारण असं की या खेळाची मोठी माणसं धावपट्टीवर तयार झालेली नाहीत. रोज डोंगरात जाणाऱ्यांचा हा खेळ आहे. आपल्याकडेही नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या डोंगरवाटांवर वाढलेल्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक मिळवलं होतं.

फेल रेसमध्ये बऱ्याचदा वाट आखून दिलेली नसते. ठरावीक ठिकाणी हजेरी लावायची, म्हणजे चेकपॉइंट गाठायचे. दोन चेकपॉइंटांच्या मधली वाट ज्याची त्याने शोधायची. नकाशा, होकायंत्र, शिट्टी, पावसाचं जाकीट अंगावर वागवायचं. ते नसेल तर कित्येक शर्यतींत उभंच करत नाहीत. आपल्याकडच्या शर्यतींत रिबिनी बांधलेल्या असतात, त्यामुळे वाट चुकायची धास्ती पुष्कळ कमी.

१९७० साली स्थापन झालेली तिकडची फेल रनर्स असोसिएशन चढानुसार शर्यतींची वर्गवारी करते. ए गटात दर किलोमीटरला सरासरी किमान ५० मीटर चढ, बी गटात २५ आणि सी गटात २०. इमारतीचा एक मजला तीन मीटरचा धरला, तर ए गट म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे सोळा-सतरा मजले. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी एकदा लिफ्ट सोडून जिन्याने वर जाऊन बघावं, म्हणजे हा आकडा पायांना कळेल.

## घड्याळातला वेग इथे का चालत नाही?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ढोबळ नियम मांडला. डोंगरात जाणारे लोक अजूनही तो वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे उंचीचा एक मीटर हा सपाटीवरच्या साधारण आठ मीटरांच्या तोलाचा. हा नियम चालणाऱ्यांसाठी होता, पण एकास आठ हे प्रमाण पळणाऱ्यांनाही अंदाजाला पुरतं.

आता वरचा स्क्रीनशॉट पुन्हा बघा. समजा हा गडी सपाटीवर किलोमीटरला सात मिनिटांनी पळतो. २१ किलोमीटरला त्याला २ तास २७ मिनिटं लागतात. शर्यतीत १००० मीटर चढ होता, म्हणजे आणखी आठ किलोमीटर. २९ गुणिले ७ म्हणजे २०३ मिनिटं, ३ तास २३. तो ३ तास २५ मिनिटांत आला, म्हणजे आपल्या नेहमीच्याच ताकदीने पळाला. उलट घसारा, दगड, ओढे हे सगळं या हिशेबात धरलेलंच नाही, तेव्हा त्याची पाठ थोपटायला हवी.

इथे चाणाक्ष माणूस विचारतो, जेवढं चढलो तेवढं उतरणारच ना, मग चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघत नाही का? नाही निघत, आणि त्याचं कारण शरीराच्या खर्चात आहे. २००२ साली मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरी धावपटूंना वेगवेगळ्या चढ-उतारांवर ट्रेडमिलवर पळवून ऊर्जेचा खर्च मोजला. शंभर मीटर पुढे जाताना वीस मीटर वर जात असू, तर तो २० टक्के चढ. अशा चढावर तेवढ्याच अंतराला सपाटीच्या जवळपास अडीच पट ऊर्जा लागते. आणि २० टक्के उतारावर? सपाटीच्या साधारण निम्मी. म्हणजे चढताना दीड पट जास्तीचं खर्च झालं आणि उतरताना अर्धं वाचलं. त्याहून तीव्र उतारावर तर खर्च पुन्हा वाढायला लागतो, कारण सगळी शक्ती स्वतःला आवरण्यात जाते.

हल्ली काही अ‍ॅपमध्ये ग्रेड अ‍ॅडजस्टेड पेस दिसतो. "हा चढ सपाट असता तर तुमचा वेग किती भरला असता?" याचा तो अंदाज असतो. बघायला हरकत नाही, पण त्याला फक्त तीव्रता कळते. पायाखाली डांबर आहे की सुटे दगड, हे त्याला कळत नाही. त्यापेक्षा तासाला किती मीटर उंची चढलो ते मोजा. जगातले अव्वल डोंगरी धावपटू १००० मीटर अर्ध्या तासाच्या आत चढतात. क्लबातला साधा माणूस तासाला चारशे-पाचशे मीटर चढला तर उत्तमच म्हणायचं. आणि हा आकडा दर महिन्याला वाढताना दिसतो. रस्त्यावर वर्षानुवर्षं त्याच वेळेत अडकलेल्या माणसाला तर याने नव्याने हुरूप येतो.

## चढावर चालायचंच असेल, तर त्याला पळणं का म्हणायचं?

ही शंका सगळ्यांत जास्त ऐकू येते, आणि मला वाटतं लोक डोंगरापासून लांब राहतात ते याच भावनेमुळे. रस्त्यावर चालणं म्हणजे हरणं, असं आपण मनाशी पक्कं करून ठेवलं आहे. मॅरेथॉनमध्ये चालायला लागलेला माणूस खाली मान घालून कडेने जातो.

डोंगरात हे लागूच होत नाही. चढ पुरेसा खडा झाला की त्याच वेगाने पळण्यापेक्षा चालणं स्वस्त पडतं. अव्वल धावपटूही खड्या चढावर चालतात, फक्त त्यांचं चालणं झपाझप असतं. कमरेतून थोडं पुढे वाकायचं, तळवे गुडघ्याच्या वर मांडीवर ठेवायचे आणि प्रत्येक पावलाला हातांनी मांडी खाली रेटायची. पाय आणि दंड मिळून चढण ओढतात.

आसनगावजवळच्या माहुली किल्ल्याच्या सोंडेवर मी हे अगदी जवळून पाहिलं. क्लबातला एक पंचविशीतला मुलगा, दहा किलोमीटरला पन्नास मिनिटांच्या आत येणारा, तीसेक पावलं पळायचा आणि झाडाचं खोड धरून उभा राहायचा. छाती भात्यासारखी हलायची. त्याच्या मागून बँकेतून निवृत्त झालेले एक काका मांडीवर हात रोवून, तोंडाने श्वास सोडत, एका लयीत वर येत होते. मुलगा म्हणाला, "काका, चालताय काय, पळा की!" काका थांबले नाहीत. बाजूने जाता जाता म्हणाले, "तू पळ रे बाबा, मी वर भेटतो." तिसऱ्यांदा तो थांबला तेव्हा काका कारवीच्या वळणाआड दिसेनासे झाले होते. नंतर पठारावर त्याने काकांना विचारलं ते हात कुठे ठेवायचे हेच.

ठाण्यातल्या येऊरसारख्या डांबरी चढावर मात्र चढ बेताचा असतो. तिथे छोट्या पावलांनी हळूहळू पळणंच बरं. पळायचं कधी आणि चालायचं कधी, हे ठरवायला एक सोपी खूण आहे: शेजारच्याशी दोन-तीन शब्दांपुढे बोलता येईना, म्हणजे चालायला लागा. वर पोचल्यावर पळायला पाय शिल्लक राहिले पाहिजेत.

## खरी परीक्षा उतारावर

चढाला सगळे घाबरतात, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरायला लावतो तो उतार. असं का होतं?

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकचं काम करतो. लांबत असताना जोर लावणं स्नायूला जड जातं. त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुखणं लगेच न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. शिवाय आदळ्याचा भाग आहेच. गॉटशाल आणि क्रॅम यांनी २००५ मध्ये केलेल्या मोजमापात ९ अंशांच्या उतारावर पाऊल आदळण्याचा जोर सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी, आणि मागे रेटणारा ब्रेकचा जोर ७३ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

हे वाचून कुणी माघार घेऊ नये, कारण शरीर उतार फार लवकर शिकतं. एकदा बेताचा उतार पळून पाय दुखले, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारावर दुखणं बरंच कमी होतं. स्नायू त्या माराला सरावतात. म्हणून शर्यतीच्या आधी महिनाभर दर आठवड्याला थोडा थोडा उतार अंगावर घ्यायचा. एकाच रविवारी सगळा डोंगर उतरून पायांची वाट लावून घ्यायची नाही.

तंत्र काय? कसारा घाटात मालाने भरलेला ट्रक उतरताना अनुभवी ड्रायव्हर गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतो आणि ब्रेक जपून वापरतो, नुसत्या ब्रेकवर राहिला तर ते तापून निकामी होतात. आपल्या पायांचा खालचा गिअर म्हणजे छोटी, पटापट पडणारी पावलं. पाय लांब पुढे टाकून टाचेवर आदळलं की प्रत्येक वेळी करकचून ब्रेक लागतो. पाऊल शरीराच्या खालीच पडू द्या, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, हात पसरून तोल सांभाळा. नजर बुटांवर ठेवली की पुढचा दगड उशिरा दिसतो. तीन-चार मीटर पुढे बघायचं. घसाऱ्यावर मागे रेलून बसायचा मोह होतो आणि तसं रेललं की हमखास घसरायला होतं. वजन पायांवरच हवं. आणि भीती वाटली तर सरळ चालत उतरा, त्यात काही कमीपणा नाही.

## गुडघे जातील त्याचं काय?

घरच्यांचा पहिला आक्षेप हाच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत हौशी धावपटूंमध्ये गुडघा किंवा खुब्याच्या झिजेचं प्रमाण ३.५ टक्के आढळलं, तर न पळणाऱ्या, बैठी राहणी असलेल्या लोकांमध्ये १०.२ टक्के. हे आकडे एकूण पळण्याचे आहेत, खास डोंगराचे नाहीत. पण पळण्याने गुडघे जातातच ही समजूत त्यांनी खोडून काढली आहे. डोंगरात प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, त्यामुळे तोच एक आघात हजारो वेळा त्याच जागी बसत नाही. चढावर तर आदळा कमीच असतो. गुडघ्यावर खरा भार येतो तो उतारावर. ज्यांना आधीच गुडघेदुखी आहे त्यांनी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारावं, चढ पळत-चालत जावा आणि उतार निवांत उतरावा.

घोटा मुरगळण्याची शक्यता रस्त्यापेक्षा जास्त आहे, हे मान्य करायलाच हवं. दात घासताना एका पायावर उभं राहायचा सराव फुकट आहे आणि तो उपयोगी पडतो.

## जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी बिघडेल का?

मला वाटतं उलटच होईल. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड आपल्या धावपटूंना वायटाकेरेच्या डोंगरांतून २२ मैलांची फेरी मारायला लावत, आणि त्यांच्या कार्यक्रमात चढाच्या सरावाचा एक स्वतंत्र टप्पाच असे. त्यांचे शिष्य पीटर स्नेल आणि मरी हॅलबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनुक्रमे ८०० आणि ५००० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. दोन फेऱ्या आणि साडेबारा फेऱ्यांच्या शर्यती, पण पाया डोंगरात घातलेला.

मुंबई मॅरेथॉन पळलेल्या प्रत्येकाला परतीचा पेडर रोड आठवत असेल. पाय आधीच संपत आलेले असतात आणि समोर चढ उभा राहतो. त्या वेळी कामाला येते ती पोटऱ्यांची आणि नितंबांची ताकद. उड्डाणपुलावर वर-खाली करून आपण ती कमवायला बघतोच. डोंगर तेच काम अधिक चांगलं करतो, हवाही बरी असते आणि मागून ट्रक येत नाही.

फक्त वेळ साधायला हवी. पावसानंतर नोव्हेंबरअखेरपर्यंत आठवड्याचा एक सराव डोंगराला द्यावा, डिसेंबरात पुन्हा सपाटीवरच्या लांब पल्ल्याकडे वळावं. शेवटच्या तीन आठवड्यांत तीव्र उतार अजिबात नको.

## आपल्याकडे डोंगर आहेतच कुठे?

हा प्रश्न ठाण्यात बसून विचारला जातो याचं नवल वाटतं. उपवन तलावापासून येऊरच्या गेटमधून वर पाड्यांकडे जाणारा रस्ता म्हणजे नवख्यांसाठी उत्तम शाळा. वळणं, सावली, बेताचा चढ आणि पायाखाली डांबर, त्यामुळे घोट्याची काळजी नाही. मुंब्रा देवीच्या पायऱ्या चढणीच्या ताकदीसाठी चांगल्या, पण भाविकांची गर्दी नसेल तेव्हाच जावं. नवी मुंबईकरांना पारसिकच्या डोंगरावर बेलापूरहून जाणारा रस्ता आहे, घणसोलीजवळचा गवळीदेव आहे, आणि खारघरच्या डोंगरावर फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणारा वळणावळणाचा रस्ता आहे. वर पठारावर पोचलं की एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला पनवेलकडचे डोंगर दिसतात.

हे रस्ते अंगवळणी पडले की मातीच्या वाटांकडे जायचं. नेरळहून माथेरान हा माझा आवडता पल्ला. माथा साधारण ८०० मीटर उंचीवर आहे आणि चढ असा सलग की स्वतःची चाल ओळखायला भरपूर वेळ मिळतो. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी आहे, त्यामुळे वरच्या लाल मातीच्या, झाडीतल्या वाटांवर मोकळेपणी पळता येतं. घोडे आले की मात्र थांबून त्यांना वाट द्यावी, पळत अंगावर गेलं की ते बुजतात. आसनगावचा माहुली याहून कसाचा आहे. पनवेलजवळचा कलावंतीण सुळका मात्र पळायची जागाच नव्हे. त्या उघड्या पायऱ्यांवर घाई करणं म्हणजे स्वतःला आणि दुसऱ्यालाही धोक्यात घालणं.

शर्यतीचा अनुभव हवा असेल तर साताऱ्याची यवतेश्वर घाटातली हाफ मॅरेथॉन हा रस्ता आणि डोंगर यांच्या मधला दुवा आहे: चढ खरा, पण पायाखाली डांबर. सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी शर्यत आपल्या भागातली मोठी कसोटी मानली जाते. तिच्यात छोटी अंतरंही असतात, सुरुवात तिथून करावी.

## बिबट्या, पाऊस आणि परवानगी

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे बिबटे आहेत, ते त्यांचं घर आहे. पहाटेच्या अंधारात किंवा संध्याकाळी उशिरा एकट्याने पळायचं नाही. कानात हेडफोन नकोत. रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटांवर वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. पाड्यांतून जाताना वेग कमी करावा, आरडाओरडा करू नये. लोकांच्या दारातून आपण जात असतो. एनर्जी जेलचं पाकीट, केळ्याचं साल, रिकामी बाटली, सगळं खिशात घालून परत आणायचं.

पावसाळ्याबद्दल माझं मत ठाम आहे. ऐन पावसात कातळावर शेवाळ धरतं, ओढे मिनिटांत चढतात आणि धुक्यात ढोरवाटा फसवतात. खारघरच्या पांडवकड्यावर माणसं बुडाली आहेत, म्हणून तिथे पावसाळ्यात बंदी घालतात. ती मोडून काढलेल्या रीलचं कौतुक क्लबच्या ग्रुपवर होता कामा नये. जून ते सप्टेंबर डांबरी चढ आणि जिने पुरेसे आहेत. ऑक्टोबरात उलट त्रास, ऊन आणि दमट हवा. तेव्हा सकाळी नऊच्या आत खाली उतरलेलं बरं.

पाणी जवळ किमान एक-दीड लिटर हवं, मीठ-साखर किंवा इलेक्ट्रोल, शिट्टी, छोटी विजेरी आणि चार्ज केलेला मोबाइल. कुठे चाललो आणि किती वाजेपर्यंत परत येणार हे घरी सांगून निघायचं. इंग्लंडमध्ये शर्यत अर्ध्यात सोडणाऱ्याने आयोजकांना कळवलंच पाहिजे असा कडक नियम आहे, नाहीतर शोधपथक रात्रभर डोंगर पालथा घालत बसतं. आपणही तो पाळायला हवा.

बुटांचं एवढं मनावर घेऊ नका. डांबरी चढांना रस्त्यावरचेच बूट चालतात. मातीच्या वाटा नियमित सुरू झाल्या की तळाला खोल खाचा असलेले ट्रेल बूट घ्या, ते मुरुमावर पकड देतात. महागडं घड्याळ तर अजिबात लागत नाही.

## क्लबने काय करावं?

तिकडच्या फेल शर्यतींत वैयक्तिक क्रमांकांइतकंच महत्त्व क्लबला असतं. क्लबच्या ठरावीक धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. त्यामुळे चौथ्या-पाचव्या माणसासाठीही सगळे ओरडत उभे असतात. ही पद्धत आपण उचलावी असं मला मनापासून वाटतं. ठाण्यातल्या दोन क्लबांनी मिळून येऊरच्या रस्त्यावर महिन्यातून एक रविवार ठेवला, प्रत्येक संघात निदान दोन महिला आणि एक पन्नाशीपुढचा हवाच असं ठरवलं आणि फक्त चढाची वेळ मोजली, तर ना प्रवेश फी लागेल, ना पदकं. उताराची वेळ मोजायचीच नाही, म्हणजे कुणी जिवावर उदार होऊन पळणार नाही.

पहिल्या महिन्यात येऊर किंवा खारघरचा रस्ता, दुसऱ्यात तोच रस्ता दोनदा, तिसऱ्यात नेरळ-माथेरान. सर्वांत मागे डोंगर माहीत असलेला एक माणूस ठेवायचा, आणि शेवटची व्यक्ती वर येईपर्यंत चहा-पोह्यांना कुणी हात लावायचा नाही. ऊन चढायच्या आत दस्तुरी गाठायचं असेल तर ठाण्याहून पहाटेची कर्जत लोकल धरावी लागेल. ती चुकली तर त्या दिवशी नेरळचा बेत रद्द करून सरळ येऊरला जायचं.